विशीतले शब्द, साठीतला आवाज

पंक संगीत तरुणांचं, तरुणांसाठीचं आणि तरुणपणातच संपणारं, अशी एक घट्ट समजूत आहे. त्यामुळे साठी ओलांडलेला गायक पंचेचाळीस वर्षांपूर्वीची संतापाची गाणी घेऊन आजही मंचावर उभा राहतो, तेव्हा अनेकांना अवघडल्यासारखं होतं. कुणी कौतुकानं ‘या वयातही काय जोर आहे’ म्हणतं, कुणी ‘आता पुरे’ म्हणतं. दोन्ही उद्गार गायकाच्या वयाशी थांबतात. तो काय म्हणतो आहे आणि कोणासमोर म्हणतो आहे, तिथवर ते पोचतच नाहीत. माझ्या मते जुन्या पंक बँडचा आजचा प्रत्यक्ष कार्यक्रम ही त्या संगीताची सर्वांत कठीण परीक्षा असते. विशीत रागाच्या भरात लिहिलेल्या शब्दांमागे तोच माणूस आज, बदललेल्या काळात, त्याच लोकांसमोर उभा राहू शकतो का, हे तिथे तपासलं जातं. ध्वनिमुद्रणाला हे जमत नाही, कारण त्यातला गायक कायम वीस वर्षांचाच राहतो. म्हणून अशा कार्यक्रमाकडे ना सवलतीच्या नजरेनं पाहावं, ना कीव करून. त्याला पूर्ण कठोर निकष लावावेत, आणि तो ते पेलत असेल तर मोकळेपणानं मान्यही करावं.

यासाठी बेलफास्टच्या ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ या बँडइतकं बोलकं उदाहरण सापडणं कठीण. हा बँड उभा राहिला १९७७ मध्ये. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा ब्रिटनशी निष्ठा राखणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये विलीन होऊ पाहणारे कॅथलिक यांच्यातला सशस्त्र संघर्ष ऐन भरात होता. सुमारे तीस वर्षांत त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. बेलफास्टच्या मध्यवर्ती बाजारपेठेभोवती लोखंडी फाटकं होती, आत शिरणाऱ्याची झडती होत असे आणि अंधार पडला की शहराचा तो भाग ओस पडे. ३१ जुलै १९७५ रोजी ‘मायामी शोबँड’ या लोकप्रिय वाद्यवृंदाची गाडी कार्यक्रमावरून परतताना बनावट लष्करी नाक्यावर अडवण्यात आली आणि त्यातल्या तीन कलाकारांना ठार मारण्यात आलं. त्यानंतर बाहेरचे बँड उत्तर आयर्लंडकडे फारसे फिरकेनासे झाले. २० ऑक्टोबर १९७७ रोजी लंडनचा ‘द क्लॅश’ हा बँड बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवण्यासाठी आला, तेव्हा विम्याचं कारण होऊन ऐन वेळी कार्यक्रम रद्द झाला आणि बाहेर जमलेल्या मुलांची पोलिसांशी झटापट झाली. त्या गर्दीत दोन्ही धर्मांची मुलं होती. जी मुलं एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकत नसत, ती एका गाण्याच्या कार्यक्रमासाठी एकाच फुटपाथवर उभी होती. पुढे हार्प बार नावाच्या एका साध्याशा जागेत ती नियमानं भेटू लागली. इंग्लंडमध्ये पंकनं बऱ्याच अंशी पोशाख आणि पवित्रा बदलला असेल. बेलफास्टमध्ये मात्र कोण कोणाशेजारी उभं राहतं, हे त्यानं बदललं.

‘स्टिफ लिटल फिंगर्स’चा गायक जेक बर्न्स तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याआधी तो मित्रांबरोबर इतरांची रॉक गाणी वाजवत असे. गॉर्डन ओगिल्वी या पत्रकारानं त्याला सुचवलं की, स्वतःच्या आजूबाजूला जे घडतं आहे त्यावर लिही. त्यातून ‘सस्पेक्ट डिव्हाइस’ आणि ‘ऑल्टरनेटिव्ह अल्स्टर’ ही गाणी आली. बॉम्ब, झडत्या, नाके, करण्यासारखं काहीच नसलेल्या संध्याकाळी आणि दोन्ही बाजूंनी आपल्याकडे ओढणारे मोठे लोक, हा त्यांचा ऐवज होता. या गाण्यांची बाजू सैन्याची नव्हती, बंदूकधारी संघटनांचीही नव्हती. दोघांच्या मधल्या मुलाची होती. फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘इन्फ्लेमेबल मटेरियल’ हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. रफ ट्रेड या छोट्या स्वतंत्र कंपनीनं प्रसिद्ध केलेला तो पहिलाच अल्बम, आणि तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर पोचला. बँड मोडला, १९८७ मध्ये पुन्हा जुळला, माणसं आली-गेली, आणि जेक बर्न्स आजवर गातो आहे. त्याचा जन्म १९५८ चा.

आता हीच गाणी आजच्या बेलफास्टमध्ये वाजतात तेव्हा काय घडतं, हे पाहू. समोरच्या गर्दीत साठीतली माणसं असतात, ज्यांनी लहानपणी त्या फाटकांतून अंग चाचपून घेतलं आहे. आणि त्यांची मुलं-नातवंडं असतात, जी १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर जन्मली आणि ज्यांनी रस्त्यावर सशस्त्र गस्त पाहिलेली नाही. आधीच्या पिढीला ते गाणं आठवण करून देतं. नंतरच्या पिढीसाठी त्यात एक मागणी आहे, आणि ती किती पुरी झाली हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं. कारण वस्त्यांना वेगळं करणाऱ्या भिंती बेलफास्टमध्ये अजून उभ्या आहेत. २०२३ पर्यंत त्या सगळ्या काढून टाकू, असं तिथल्या सरकारनं २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. ती मुदत उलटून गेली. म्हणजे १९७८ मध्ये जे गाणं ‘दुसरं काही शक्य आहे’ असं सांगत होतं, ते आज ‘मग ते अर्धवट का राहिलं’ असं विचारतं. शब्द तेच आहेत आणि चालही तीच आहे, पण प्रश्न पुढे सरकला आहे, आणि तो सरकवला आहे गाणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मध्ये गेलेल्या काळानं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचंही तसंच. तिथल्या बॅरोलँड सभागृहात सेंट पॅट्रिक दिनाच्या, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाच्या, सुमारास हा बँड वर्षानुवर्षं वाजवत आला आहे. ग्लासगो हे स्वतः सेल्टिक आणि रेंजर्स या फुटबॉल क्लबांच्या नावानं कॅथलिक-प्रोटेस्टंट अशी फूट जपणारं शहर आहे. त्या शहरात, त्या दिवसांत, दोन्ही बाजूंना नकार देणारी गाणी हजारो माणसं एका सुरात म्हणतात, याला नुसतं स्मरणरंजन म्हणणं मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरेपणाचा. ज्याला आता कोणी नाक्यावर अडवत नाही, जो बेलफास्ट सोडून शिकागोला जाऊन राहिला, त्यानं विशीतला राग पुन्हा काढून दाखवणं हा अभिनय नाही का? आक्षेप वजनदार आहे. पण तो वयाशी बांधणं चूक आहे, कारण खरेपणाबद्दलची शंका या बँडवर पहिल्या दिवसापासून होती. गाण्यांच्या शब्दांत एका पत्रकाराचा हात आहे, हे लोकांना खटकलं होतं. उत्तर आयर्लंडच्याच डेरी शहरातल्या ‘द अंडरटोन्स’ या बँडनं तर मुद्दाम वेगळी वाट धरली. रोज बॉम्ब अनुभवणाऱ्या मुलांना गाण्यात पुन्हा बॉम्ब कशाला हवेत, अशा भूमिकेतून त्यांनी प्रेम, उन्हाळा आणि पौगंडावस्थेतले घोटाळे गायले. हा वाद विशीतल्या मुलांमधला होता. तेव्हा जे प्रामाणिक ठरत नव्हतं ते केवळ तरुण आवाजामुळे प्रामाणिक झालं नसतं, आणि जे प्रामाणिक होतं ते केस पांढरे झाल्यानं खोटं होत नाही. उलट काळानं इथे एक निवाडा दिला आहे. दंगलीचं भांडवल करणारा माणूस दंगल ओसरल्यावर दुसऱ्या विषयाकडे वळला असता. बर्न्सनं ती गाणी सोडली नाहीत आणि त्यांच्यावर विसंबूनही राहिला नाही. २०१४ मध्ये श्रोत्यांच्या आगाऊ वर्गणीतून निघालेल्या ‘नो गोइंग बॅक’ या अल्बममध्ये त्यानं स्वतःच्या नैराश्याबद्दल ‘माय डार्क प्लेसेस’ हे गाणं लिहिलं. ज्या पुरुषांना मनाचा आजार उच्चारायला शिकवलंच गेलं नाही, त्यांच्या गर्दीसमोर पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे गाणं त्याच वेगानं, त्याच मोठ्या आवाजात म्हणणं, हे मला पहिल्या अल्बमइतकंच धाडसाचं वाटतं. वीस वर्षांचा बर्न्स ते लिहू शकला नसता. जुनं गाणं आणि हे गाणं एकाच संध्याकाळी लागोपाठ येतात, तेव्हा पहिल्यातला राग कोणत्या माणसाचा होता हे नव्यानं कळतं.

दुसरा आक्षेप व्यापाराचा, आणि इथे सगळ्या बँडना एकाच मापानं मोजता येणार नाही. ‘सेक्स पिस्टल्स’ १९९६ मध्ये पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी त्या दौऱ्याला पैशाचंच नाव दिलं होतं. २०२४ मध्ये मूळचे तीन वादक फ्रँक कार्टर या कितीतरी तरुण गायकाला घेऊन पुन्हा उभे राहिले; ज्याच्या शब्दांनी १९७६-७७ चं इंग्लंड हादरलं तो जॉन लायडन त्यात नव्हता. अमेरिकेतल्या ‘डेड केनेडीज’चं प्रकरण याहून कडवट. गीतकार-गायक जेलो बियाफ्रा आणि इतर सदस्य यांच्यात मानधन आणि हक्कांवरून कोर्टकचेरी झाली, आणि २००१ पासून बँड त्याच्याशिवाय कार्यक्रम करतो आहे. माझा निकष असा: ज्यानं ते शब्द लिहिले, ज्यानं त्यांची जबाबदारी घेतली, तो मंचावर आहे का? ‘डेड केनेडीज’ या निकषावर उतरत नाहीत. वाजवणारे कितीही तयारीचे असोत, तिथे त्या शब्दांना उत्तरदायी असणारा माणूस नाही. पण याच निकषावर आजचे ‘अंडरटोन्स’ उतरतात. त्यांचा प्रसिद्ध गायक फर्गल शार्की आता इंग्लंडमधल्या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढतो, बँडमध्ये नाही. १९९९ पासून पॉल मॅक्लून गातो. तरी ज्या ओ’नील बंधूंच्या हातून ती गाणी आली ते तिथेच गिटार घेऊन उभे असतात. म्हणजे चेहरा ओळखीचा असणं पुरेसं नाही आणि आवश्यकही नाही. पिस्टल्सच्या बाबतीत माझा निर्णय अर्धा आहे: संगीत त्यांचं, शब्द पोरके. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. २०२४ चे ते पहिले कार्यक्रम पश्चिम लंडनमधल्या बुश हॉल या अडचणीत आलेल्या छोट्या सभागृहाला पैसे उभे करून देण्यासाठी होते. पंकला जिवंत ठेवतात ती अशीच छोटी सभागृहं.

व्यापाराच्या आक्षेपातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. पंकनं श्रोता आणि कलाकार यांच्यातलं अंतर मिटवायचं ठरवलं होतं. १९७७ च्या सुरुवातीला ‘साइडबर्न्स’ या हाती बनवलेल्या मासिकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून, एवढं आलं की बँड काढा, असं वाचकांना सांगितलं होतं. वॉशिंग्टनचा ‘फुगाझी’ हा बँड नव्वदच्या दशकात प्रवेशाचे पाच डॉलर घेण्यावर हट्टानं अडून राहिला. ही परंपरा सांगणाऱ्या बँडचं तिकीट मागणी वाढेल तसं तासातासानं महाग होत असेल, तर मंचावर कितीही समतेचं गाणं झालं तरी ज्याला ते ऐकायला हवं तो सभागृहाबाहेर राहतो. इथे दोष फक्त तिकीट कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. तीस-चाळीस वर्षं टिकलेल्या बँडकडे अटी घालण्याइतकी ताकद नक्कीच असते. ती जे वापरत नाहीत त्यांना जाब विचारलाच पाहिजे.

आता वयाच्या शारीरिक बाजूबद्दल. पंक वाजवणं हे कष्टाचं काम आहे. दीड-दोन मिनिटांची गाणी एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, ड्रमवाल्याच्या मनगटांना विसावा नाही. साठीनंतर पट्टी अर्ध्या-एका सुरानं उतरवावी लागते, वेग किंचित कमी होतो, वरच्या जागा गायक सोडून देतो आणि त्या श्रोते भरून काढतात. ही घट लपवण्यात अर्थ नाही. पण पंकनं सुरेलपणाची सनद कधी मागितलीच नव्हती. जे संगीत ‘न शिकलेल्या गळ्यालाही बोलायचा हक्क आहे’ या आग्रहावर उभं राहिलं, त्यानं थकलेल्या गळ्याला तोच हक्क नाकारणं म्हणजे स्वतःचाच पाया खणणं. ‘यूके सब्ज’चा चार्ली हार्पर १९४४ मध्ये जन्मला. म्हणजे पंकची लाट आली तेव्हाच तो तिशी ओलांडलेला, केस कापायचं काम करणारा माणूस होता. त्याच्या बँडनं इंग्रजी वर्णमालेच्या प्रत्येक अक्षरावरून एकेक असे क्रमानं अल्बम काढायचं ठरवलं. १९७९ मध्ये पहिलं अक्षर झालं आणि २०१६ मध्ये ‘झीझो’ या अल्बमनं शेवटचं. पंक हा वयात येण्याचा ताप होता, असं मानणाऱ्यांकडे हार्परसारख्या माणसाचं काय स्पष्टीकरण आहे?

जुन्या शब्दांची परीक्षा नेहमी सन्मानानं पार पडते असंही नाही, आणि ती नेहमी तशी पार पडत नाही यातच तिची किंमत आहे. सुरुवातीच्या लंडन पंकमध्ये मोठ्यांना डिवचण्यासाठी काहींनी स्वस्तिकाच्या नाझी पट्ट्या मिरवल्या. ते तेव्हाही अक्षम्य होतं, आणि प्रौढ वयात त्याचं समर्थन करणं कोणालाही सोपं गेलेलं नाही. दुसरीकडे काही गाणी काळानं मोठी केली. ‘एक्स-रे स्पेक्स’च्या पॉली स्टायरिननं १९७८ च्या ‘जर्मफ्री अ‍ॅडॉलसंट्स’ या अल्बममध्ये प्लॅस्टिक, जाहिराती आणि खरेदीच्या नादात हरवणारी ओळख यावर लिहिलं, तेव्हा अनेकांना तो एका पोरीचा विक्षिप्तपणा वाटला. सप्टेंबर २००८ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडे पोचलेल्या पॉलीनं तीच गाणी पुन्हा गायली तेव्हा ती भाकितं खरी ठरलेली होती. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. २०११ मध्ये ती कर्करोगानं गेली. आणि काही वेळा कलाकार स्वतः जुने शब्द दुरुस्त करतो. ‘ग्रीन डे’ या कॅलिफोर्नियाच्या बँडचा बिली जो आर्मस्ट्राँग २००४ च्या ‘अमेरिकन इडियट’मधली एक ओळ नंतर बदलून, ट्रम्प यांच्या राजकारणाचं नाव घेऊन गाऊ लागला. अध्यक्ष बुश यांच्या काळात लिहिलेलं गाणं त्यानं त्या काळापुरतं ठेवलं नाही. हाच बँड, स्थापनेनंतर जवळपास चार दशकांनी, मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदा भारतात वाजला. तिथल्या गर्दीत असे असंख्य श्रोते होते जे १९९४ च्या ‘डूकी’ अल्बमनंतर जन्मले. त्यांच्यापुरती ती गाणी जुनी नव्हतीच.

जुने बँड मंच अडवून बसल्यामुळे नव्यांना जागा मिळत नाही, हा तिसरा आक्षेप. मोठ्या महोत्सवांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. वरच्या ओळीतली नावं वर्षानुवर्षं तीच असतात. पण पंकच्या स्वतःच्या घरात चित्र निराळं दिसतं. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात दर ऑगस्टला भरणाऱ्या ‘रिबेलियन’ महोत्सवात सत्तरीतले बँड आणि पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले बँड एकाच इमारतीत वाजवतात. नव्यांसाठी तिथे वेगळा मंच राखलेला असतो. छोट्या सभागृहांना भाडं भरता येतं ते बऱ्याचदा जुन्या बँडच्या हमखास गर्दीमुळे, आणि त्याच सभागृहात मंगळवारी रात्री एखादा नवा बँड चाळीस माणसांसमोर उभा राहू शकतो. नव्यांची वाट रोखणारी खरी गोष्ट म्हणजे अशा जागा बंद पडणं. जुन्यांनी निवृत्त व्हावं अशी मागणी करण्यापेक्षा, त्यांनी आपल्या आधी कोणाला मंचावर उभं केलं, हे विचारावं.

आणि निवृत्तीची चर्चा फार दिवस करावी लागणारही नाही. ‘रमोन्स’ बावीस वर्षांत दोन हजारांहून अधिक कार्यक्रम करून १९९६ मध्ये थांबले. २०१४ पर्यंत मूळच्या चौघांपैकी एकही उरला नव्हता. ‘बझकॉक्स’चा पीट शेली डिसेंबर २०१८ मध्ये गेला. ‘द डॅम्ड’नं ऑक्टोबर १९७६ मध्ये ‘न्यू रोझ’ हे ब्रिटिश पंकचं पहिलं सिंगल काढलं. त्यांचे मूळचे चौघे २०२२ मध्ये काही मोजक्या कार्यक्रमांसाठी पुन्हा एकत्र आले, आणि मार्च २०२५ मध्ये ते गाणं लिहिणारा ब्रायन जेम्स निवर्तला. त्या चौघांना एकत्र ऐकायची संधी आता कोणालाही मिळणार नाही. तेव्हा मुंबई-पुण्यात असा एखादा बँड येणार असेल, किंवा लंडन, डब्लिन, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या गावात त्याची तारीख लागली असेल, तर जरूर जा. गाणी लिहिणारा मंचावर आहे का ते पाहा, जुन्यांच्या मध्ये नवं किती येतं ते ऐका, आवडलं नाही तर तसं स्पष्ट म्हणा. फक्त ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून टाळू नका.